पाच कोटी चुका आणि करड्याची एक छटा
टॅब दाबली. कानात आवाज आला, "बटन." पुन्हा टॅब. "बटन." पुन्हा. "बटन." माझा दृष्टिहीन मित्र एक ऑनलाइन अर्ज भरत होता, मी शेजारी बसलो होतो. मला पडद्यावर घर, भिंग आणि बाण दिसत होते. त्या चित्रांना शब्दांत नावच दिलेलं नव्हतं, त्यामुळे पडदा वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर तरी काय वाचणार?

अशी किती बटनं असतील? अमेरिकेतल्या युटा राज्य विद्यापीठातली वेबएम ही संस्था 2019 पासून दरवर्षी दहा लाख संकेतस्थळांची मुखपृष्ठं यंत्राकरवी तपासते. 2025 मध्ये त्यातल्या 94.8 टक्के पानांवर सुगम्यतेचे दोष निघाले. दर पानाला सरासरी 51, एकूण 5 कोटी 9 लाख 60 हजार 288. एका चुकीला एक मिनिट धरा. एकच माणूस झोप, जेवण सोडून दुरुस्तीला बसला तर 97 वर्षं लागतील. आणि हा हिशेब फक्त उंबरठ्याचा झाला. आतले अर्ज, पावत्या, पीडीएफ यात नाहीत, आणि यंत्राला न कळणारे अडथळेही नाहीत.

उंबरठ्याबाहेर कोण उभं आहे? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात 130 कोटी लोकांना लक्षणीय दिव्यांगत्व आहे. 2011 च्या जनगणनेत भारताची सगळी लोकसंख्याच 121 कोटी होती. त्याच जनगणनेत देशात 2 कोटी 68 लाख दिव्यांगांची नोंद झाली, महाराष्ट्रात 29 लाख 63 हजारांची. पुढे 2016 च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार 7 वरून 21 केले, तेव्हा हे आकडे तोकडेच मानायला हवेत.

मला खरं अस्वस्थ करते ती दुसरीच गोष्ट. त्या पाच कोटींतल्या 96 टक्के चुका अवघ्या सहा प्रकारच्या आहेत: फिकी अक्षरं, वर्णन नसलेली चित्रं, नाव नसलेले रकाने, रिकाम्या लिंका, रिकामी बटनं आणि पानाची भाषा न सांगणं.

फिक्या अक्षरांचंच घ्या. ती 79.1 टक्के पानांवर सापडली. पांढऱ्यावर काळ्या अक्षराचा उठाव 21 ला 1 असतो. नेहमीच्या आकाराच्या मजकुराला सुगम्यतेचं मानक मागतं फक्त 4.5 ला 1. करड्या रंगाच्या 0 ते 255 अशा 256 छटा असतात. पांढऱ्या पानावर 118 क्रमांकाची छटा 4.54 ने उत्तीर्ण होते, 119 क्रमांकाची 4.48 ने नापास. दोन्ही शेजारी ठेवल्या तर फरक ओळखू येणार नाही. पण प्रत्यक्षात रकान्यांतल्या सूचनांना सर्रास 170 च्या आसपासची छटा दिलेली असते, तिचा उठाव जेमतेम 2.3! भर उन्हात मोबाइलला हाताचा आडोसा करून ती अक्षरं शोधताना दृष्टी शाबूत असलेलेही हैराण होतात.

भाषा न सांगितलेली पानं 15.8 टक्के, म्हणजे दहा लाखांत 1 लाख 58 हजार. मराठी पानाला यासाठी दोनच रोमन अक्षरं लिहायची असतात, एम आणि आर. ती नसली की मराठी मजकूर परक्या भाषेच्या उच्चारांत वाचला जाऊ शकतो.

30 एप्रिल 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुविधा वापरता येणं हा अनुच्छेद 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला आणि 20 निर्देश दिले. न्यायालयात गेलेल्यांत ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या स्त्रिया होत्या. ज्यांच्या डोळ्यांना त्या हल्ल्यात गंभीर इजा झाली होती, त्यांना केवायसीसाठी, म्हणजे ओळख पटवण्यासाठी, कॅमेऱ्यासमोर पापणी लववायला सांगितलं जात होतं.

मित्राच्या अर्जातलं तिसरं बटन 'पुढे जा' होतं. मी सांगितलं, त्याने एंटर दाबलं. पुढच्या पानावर वाकडीतिकडी अक्षरं कोंबलेलं एक चित्र आलं, खाली रिकामी चौकट. स्क्रीन रीडर म्हणाला, "चित्र." त्याने कानातला इअरफोन काढला आणि कीबोर्ड माझ्याकडे सरकवला.