काचेवरचं कोल्हापूर

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह आगीत गेलं. होतं तसंच पुन्हा उभारायचं, तर ते होतं कसं हे जुन्या फोटोंनाच विचारावं लागणार. तेव्हा संपादक म्हणाले, त्या फोटोंवरच लिहा.

इथे पडदे रंगवणारा, फोटो काढणारा आणि सिनेमा करणारा पुष्कळदा एकच माणूस असे. आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री यांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवता रंगवता सिनेमाचा कॅमेरा घरीच घडवायला घेतला. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी सहकारी दामल्यांना हाताशी धरून तो कॅमेरा पुरा केला आणि १९२० साली त्यांचा ‘सैरंध्री’ हा सिनेमा आला. बाबूराव पोस्टरंही स्वतः रंगवत. १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चं पोस्टर देशातल्या सर्वांत जुन्या उपलब्ध चित्रपट-पोस्टरांत गणलं जातं. पण पोस्टर म्हणजे खळीनं चिकटवलेला कागद, पहिल्या पावसात गळणारा. उरलाच तर कुणाच्या मिरवणुकीच्या फोटोत, मागच्या भिंतीवर, अर्धा.

मी अडकलो तो जुन्या फोटोंच्या काचेच्या निगेटिव्हपाशी. एक बाजू कोरी, दुसरीवर जिलेटिनचा थर आणि त्यात चांदी. या थरावर रिटचिंग करणारा टोकदार पेन्सिल चालवी. निगेटिव्हवर काळं केलेलं फोटोत उजळतं. म्हणजे सुरकुती घालवायची तर तिच्यावर शिसं भरायचं. असा उलटा विचार करणारा हात चित्रकाराचाच हवा. काच तिरप्या उजेडात धरली की त्या बारीक रेघा दिसतात. फोटोवर स्टुडिओचा शिक्का असतो, या हाताचं नाव कुठेच नसतं. मला तर चेहऱ्याहून या रेघाच मोलाच्या वाटतात.

आणि नेमक्या त्याच पुसल्या जातात. धूळ दिसली की घरचे ओलं फडकं फिरवतात. उरलेलं काम कोल्हापूरचा पाऊस करतो: जिलेटिन ओल शोषून फुगतं, काचेपासून सुटतं, बुरशी धरतं, चांदी वर येऊन कडा आरशासारख्या चकाकू लागतात. आडव्या थप्पीत खालच्या काचा तडकतात. हल्ली स्कॅन केलं की काम झालं असं मानून मूळ काच भंगारात काढली जाते. हा शुद्ध अडाणीपणा आहे. खालून उजेड टाकून केलेल्या स्कॅनमध्ये पेन्सिलीची रेघ वेगळी ओळखू येत नाही.

तुमच्या माळ्यावर अशा काचा असतील, तर थराच्या बाजूला पाणी लावू नका, मऊ ब्रशनं धूळ झटका. प्रत्येक काच वेगळ्या कागदी पाकिटात घालून उभी ठेवा. आणि घरातल्या थोरल्यांना आजच विचारून, काच आत घालण्याआधी, पाकिटावर पेन्सिलीनं माणसांची नावं लिहा.