कानावर जाऊ नका, अख्खा घोडा बघा : मारवाडी घोड्याची ओळख

शहादा (वार्ताहर) : दत्त जयंती जवळ आली की तापीकाठच्या सारंगखेडा घोडेबाजाराच्या गप्पा सुरू होतात. गेल्या साली आमच्या गावातल्या एकानं कापसाचे पैसे घालून घोडी घेतली. नुसते कान बघून व्यवहार केला. घरी आणली तर मागच्या पायानं लंगडी! म्हणून ही माहिती.

मारवाडी घोडा मूळचा राजस्थानातल्या जोधपूरकडचा, थरच्या वाळवंटातला. राठोड राजपुतांनी शेकडो वर्षं लढाईसाठी ही जात जोपासली. स्थानिक घोडा आणि वायव्येकडून आलेलं अरबी-तुर्कमेनी रक्त यांतून ती तयार झाली असं मानतात.

ओळख सांगायची तर कान आत वळलेले, टोकं एकमेकांना टेकणारी. मान उंच, कातडी पातळ, पाय लांब आणि हलके. खांदा जरा उभा असतो, त्यामुळे खोल वाळूतून पाय चटकन निघतो. उंची साधारण 58 ते 62 इंच, काही त्याहून उंच. 'रेवाल' चालीत तर स्वाराला हिसका बसत नाही.

लढाईत घोड्याचं काम संपलं आणि 1930 च्या सुमारास जात खालावली. जोधपूरचे महाराजा उमेदसिंह यांनी ती सावरली. स्वातंत्र्यानंतर जहागिऱ्या गेल्या, दाणा-वैरण परवडेना, पुष्कळ घोडे कवडीमोल विकले गेले. पुढे महाराजा गजसिंह यांनी पुन्हा लक्ष घातलं. 2023 मध्ये बिकानेरच्या सरकारी अश्व संशोधन केंद्रात भ्रूण प्रत्यारोपणातून मारवाडी शिंगरू जन्मलं.

आता खरेदीचं. कान वळलेले म्हणजे मारवाडीच, असं नाही. गुजरातच्या काठियावाडी घोड्याचेही कान तसेच, उलट जास्तच वळलेले. पण तो सहसा ठेंगणा असतो. घोडा कडक जमिनीवर चालवून, पळवून बघा. दातांवरून वय तपासा. ग्लँडर्सच्या रक्ततपासणीचा दाखला मागाच. हा रोग माणसालाही होतो आणि लागण झालेलं जनावर मारावं लागतं.

घरी आणल्यावर हौसेनं एकदम जास्त दाणा घालू नका. घोड्याला उलटी होत नाही. पोटशूळ उठला तर जिवावर बेततं. वैरण मुख्य, दाणा थोडा थोडा, पाणी भरपूर.

बाजारात एक दिवस जास्त लागला तरी चालेल, जनावरांच्या डॉक्टरांना दाखवूनच पैसे मोजा.