अमेरिकेत बंदूक विकताना चौकशी कोण करतं?

मागच्या बैठकीत हप्ते गोळा करून झाल्यावर एका ताईंनी आम्हाला विचारलं, "टीव्हीवर सारखं दाखवतात, अमेरिकेत गोळीबार झाला म्हणून. तिथं बंदूक देताना कुणी काही विचारत नाही का हो?" विचारतात. पण सगळीकडे नाही, आणि गोम तिथंच आहे.

तिथं परवाना असलेल्या दुकानातून बंदूक घ्यायची तर अर्ज भरावा लागतो. दुकानदार ती माहिती केंद्रीय यंत्रणेकडे तपासायला पाठवतो. 1998 पासून ही पद्धत आहे. मोठ्या गुन्ह्याची शिक्षा झाली आहे का, कोर्टाचा मनाई हुकूम आहे का, हे पाहतात. बहुतेक वेळा काही मिनिटांत उत्तर येतं. बायकोला मारहाण केल्याबद्दल छोटी शिक्षा झालेली असली, तरी 1996 पासून अशा माणसाला बंदूक बाळगायला बंदी आहे.

पण विकणारा दुकानदार नसेल, साधा माणूस आपली बंदूक त्याच राज्यातल्या दुसऱ्याला विकत असेल, तर देशाच्या कायद्यात चौकशीची सक्ती नाही. कॅलिफोर्निया, कोलोरॅडो अशा काही राज्यांनी स्वतःचा कायदा करून ती सक्ती केली. टेक्सासने केली नाही. तिथं 2019 मध्ये ओडेसा भागात एकाने 7 जणांचा जीव घेतला. त्याला 2014 मध्ये दुकानातल्या चौकशीत नकार मिळाला होता. मग त्याने खाजगी विकणाऱ्याकडून बंदूक घेतली. पुढच्या दाराला कुलूप आणि परसदार सताड उघडं!

बरं, चौकशी झाली तरी ती नोंदीवरच चालते. टेक्सासमध्येच 2017 साली सदरलँड स्प्रिंग्ज या छोट्या गावात एकाने चर्चमध्ये गोळ्या झाडल्या. 26 बळी गेले; त्यात पोटातलं एक बाळही धरतात. हा माणूस आधी हवाई दलात होता. बायकोला आणि तिच्या लहान मुलाला मारल्याबद्दल लष्करी कोर्टाने 2012 मध्ये त्याला शिक्षा दिली होती. म्हणजे त्या बाईची तक्रार कोर्टात खरी ठरली होती. पण हवाई दलाने ती नोंद पुढे पाठवलीच नाही. दुकानदाराने चौकशी केली, उत्तर आलं, हरकत नाही. आम्हाला ही गोष्ट सगळ्यात जास्त लागली.

सुधारणेचे प्रयत्न झाले. 2012 च्या डिसेंबरात सँडी हूक शाळेत 20 मुलं आणि 6 मोठी माणसं मारली गेली. त्यानंतर बंदुकांच्या जत्रेत आणि इंटरनेटवर होणाऱ्या विक्रीलाही चौकशी लावण्याचा प्रस्ताव आला. 2013 मध्ये सिनेटमध्ये 54 मतं पडली, हवी होती 60. विरोध करणारे म्हणतात, बंदूक बाळगणं हा आमचा घटनेतला हक्क आहे, आणि चोर काय चौकशी करून घेणार आहे? त्यांच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे, पण ओडेसाच्या माणसाला विकणाऱ्याने आधी चौकशी केली असती तर तिथंच अडलं असतं, असं आम्हाला वाटतं. 2022 च्या कायद्याने 21 वर्षांखालच्यांची जास्त तपासणी सुरू झाली, आणि लग्न न झालेल्या जोडीदाराला मारणाराही बंदीत आला. खाजगी विक्रीवर सरसकट चौकशी मात्र आली नाही.

आपल्याकडे 1959 चा शस्त्र कायदा आहे. परवानाधारकाला बंदूक दुसऱ्याला विकायची, तर घेणाऱ्याकडेही परवाना लागतो. शिवाय जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला घेणाऱ्याचं नाव-पत्ता लेखी कळवून 45 दिवस थांबावं लागतं. (गावठी कट्ट्याला अर्थात यातलं काहीच नाही.) सार्वजनिक शांततेला किंवा सुरक्षेला धोका दिसला तर परवाना निलंबित किंवा रद्द करता येतो. म्हणून घरात परवान्याची बंदूक असेल आणि तिचा धाक दाखवला जात असेल, तर तक्रारीत 'बंदूक' हा शब्द लिहून घ्या, वाचून मगच सही करा, आणि तक्रारीची प्रत मागून घ्या.