पाच टक्के कशाचे?

दिव्यांगांच्या सेवांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘ग्रामपंचायतीच्या निधीतले पाच टक्के दिव्यांगांसाठी राखीव असतात, मग पैसा जातो कुठे?’ विचारणाऱ्याने उत्तरही ठरवलेलं असतं: कुणीतरी खाल्ला. गैरव्यवहार कुठेच होत नाहीत असा दावा कुणी करणार नाही, पण इथे हिशेबच चुकीच्या रकमेवर मांडला जातो. महाराष्ट्रातला नियम आहे तो स्वउत्पन्नाच्या पाच टक्क्यांचा (पूर्वी ते तीन टक्के होते). स्वउत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं, बाजाराची फी, थोडक्यात गावाने स्वतः वसूल केलेला पैसा. वित्त आयोगाकडून किंवा सरकारी योजनांमधून येणारी रक्कम त्यात धरत नाहीत, आणि लहान ग्रामपंचायतींचा मोठा पैसा नेमका तोच असतो. समजा, एखाद्या गावाची वर्षाची वसुली २ लाख रुपये आहे. पाच टक्के म्हणजे १० हजार. प्रमाणपत्र असलेले वीस जण गावात असले तर माणशी ५०० रुपये, तेही अख्ख्या वर्षाचे. मोठ्या महापालिकेत तेच पाच टक्के कोटींत जातात. म्हणजे जिल्हा रुग्णालयापासून जितकं गाव लांब आणि गरीब, तितकी त्याच्या वाट्याची रक्कम कमी.

‘पण तेवढाही खर्च होत नाही, त्याचं काय?’ हा आक्षेप रास्त आहे. निधी अखर्चित राहिला तर ग्रामसभेत जाब विचारलाच पाहिजे. तरीही पै न् पै खर्च झाली म्हणून सेवा उभी राहत नाही, कारण सेवा म्हणजे माणूस. सेरेब्रल पाल्सी असलेल्या दोन वर्षांच्या मुलाला आठवड्यातून दोन-तीनदा फिजिओथेरपी लागते. पुढे स्पीच थेरपिस्ट लागतो, मग विशेष शिक्षक. १० हजारांत त्यांच्यापैकी कुणाचा एक महिन्याचा पगारही धड निघत नाही. मग पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून द्या, असं सुचवलं जातं. त्या निधीचा ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला होता. उरलेला ४० टक्के अबंधित, पण आयोगाच्या अटीनुसार तोही पगारावर आणि आस्थापनेवर खर्च करता येत नव्हता. ग्रामपंचायतीने मनात आणलं असतं तरी या पैशातून थेरपिस्ट नेमता आला नसता.

आता यंत्रणा प्रत्यक्षात कशी चालते ते पाहू. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्याचं फिरतं पथक अंगणवाड्यांत आणि शाळांत मुलं तपासतं. पथकात आयुष डॉक्टर असतात, परिचारिका असते, औषधनिर्माता असतो. थेरपिस्ट नसतो, कारण पथकाचं काम शोधण्याचं आणि पुढे पाठवण्याचं. पाठवायचं कुठे, तर जिल्ह्याच्या ठिकाणच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात. तिथली थेरपीची पदं राष्ट्रीय आरोग्य अभियानाखालची, कंत्राटी. ऐंशी किलोमीटरवरच्या आईने आठवड्यातून तीनदा मजुरी बुडवून, मूल कडेवर घेऊन एसटीने यायचं. चार-सहा खेपांनंतर येणं थांबलं की ‘पालकच उदासीन आहेत’ असा शेरा मारला जातो. हा शेरा अन्यायाचा आहे. अंतर आणि बुडालेली मजुरी त्यात कुणी मोजतच नाही.

शाळांची गतही वेगळी नाही. दिव्यांग मुलांसाठी दहा विद्यार्थ्यांमागे एक आणि वरच्या वर्गांत पंधरांमागे एक विशेष शिक्षक, हे प्रमाण सर्वोच्च न्यायालयाने रजनीश कुमार पांडे खटल्यात २०२१ साली उचलून धरलं. मार्च २०२५ मध्ये त्याच खटल्यात न्यायालयाला राज्यांना पदं अधिसूचित करण्याचा आदेश द्यावा लागला. भरती तर पुढची पायरी, आधी पद कागदावर यावं यासाठीच ही खटपट.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. राज्यात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग डिसेंबर २०२२ मध्ये झाला, हे खरं. पण मंत्रालयात विभाग होणं वेगळं, तालुक्यात थेरपिस्ट मिळणं वेगळं. ‘विशेष शाळा सरकारीच असतात’: बहुसंख्य शाळा स्वयंसेवी संस्था चालवतात. मंजूर पदांना अनुदान मिळतं, विनाअनुदानित शाळांतल्या शिक्षकांना सरकारी पगार नाही. ‘केंद्र सगळ्यांना पेन्शन देतं’: केंद्राचे महिना ३०० रुपये फक्त दारिद्र्यरेषेखालच्या, ८० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या प्रौढांना मिळतात.

शेवटी एक सूचना उरते: तालुक्यातल्या सगळ्या गावांचे पाच टक्के एकत्र करून त्यातून माणसं नेमावीत. वरच्याच हिशेबाने ऐंशी गावांचे ८ लाख होतात. एक-दोन थेरपिस्टांचा वर्षाचा पगार कदाचित भागेल, पण मग कुबड्या, श्रवणयंत्रं आणि औषधांसाठी गावांच्या हाती काहीच उरणार नाही. शिवाय ज्या वर्षी घरपट्टी थकली, त्या वर्षी मुलाची थेरपी बंद. थेरपिस्टचं पद तालुक्याच्या आकृतिबंधात मंजूर व्हावं लागतं, आणि त्याचा पगार दरवर्षी राज्याच्या अर्थसंकल्पातून यावा लागतो.