घोट्यांवरचे ओझे

पहाटे बीड शहराबाहेरच्या कोणत्याही मोकळ्या रस्त्याने चालत जा. पोलीसभरतीसाठी धावणारी पोरे दिसतीलच. १६०० मीटरच्या त्या धावेवर पुष्कळांच्या घरची आशा टांगलेली असते. त्यांतला एखादा घोट्यांना वाळूच्या पिशव्या बांधून पळत असतो. हिशेब असा, की ओझ्याची सवय झाली म्हणजे ते सोडताच पायांना पंख फुटतील!

आमच्या जिल्ह्यातील ऊसतोडणी करणारी बाई डोक्यावर मोळी घेऊन वाहनात चढते. तिचे कष्ट थोर आहेतच. पण ते ओझे निदान देहाबरोबर एका चालीने पुढे सरकते. पावलाचे तसे नाही. पाऊल दर ढांगेला जमिनीवर थांबते, मग देहाहूनही वेगाने पुढे फेकले जाते आणि टेकण्यापूर्वी पुन्हा आवरावे लागते. ज्वारी राखणाऱ्याला विचारा: गोफणीची दोरी दुप्पट केली, तर तोच दगड तितक्याच फेऱ्यांनी फिरविण्यास चौपट शक्ती लागते. घोटा हे कमरेला बांधलेल्या गोफणीचे टोकच होय.

सोल आणि गोल्डमन ह्या अमेरिकन संशोधकांनी १९६९ मध्ये चालणाऱ्या माणसांवर हे मोजले. डोक्यावरचा किलो शरीराला स्वतःच्या किलोहून थोडासाच महाग पडतो. पायांतला किलो मात्र वेगानुसार सुमारे चौपट ते सहापट! पुढे १९८५ मध्ये मार्टिन ह्यांनी धावपटू तपासले. प्रत्येक मांडीला अर्धा किलो बांधला, तेव्हा प्राणवायूचा खर्च साडेतीन टक्के वाढला. तोच प्रत्येक पावलाला बांधला, तेव्हा सात टक्क्यांहून अधिक.

बरे, खर्चावरच भागत नाही. पुढे झेपावलेली नडगी आवरण्याचे काम मांडीच्या मागच्या स्नायूंकडे असते. ओझ्याने त्यांच्यावर ताण येतो, गुडघ्याला ओढ बसते, ढांगेची लय बदलते. म्हणजे पोरगा सराव करतो एका चालीचा आणि परीक्षा देतो दुसऱ्या चालीची. पिशव्या सोडल्यावर पाय हलके वाटतात खरे. पण त्या वाटण्याला घड्याळ दुजोरा देईलच असे नाही. (बसल्या जागी पाय उचलून मांडी बळकट करण्यास हीच वजने उपयोगी पडतात. ती गोष्ट वेगळी.)

आष्टी तालुक्यातील मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यात गेला, तेव्हा त्याने उलटाच मार्ग धरला. प्रशिक्षक अमरीश कुमार ह्यांच्या हाताखाली त्याने अंगावरचे वीसेक किलो उतरविले, असे सांगतात. त्याची शर्यत ३००० मीटर स्टीपलचेसची: २८ अडथळे, शिवाय ७ वेळा पाण्यावरून उडी. भिजलेला बूट म्हणजे पुन्हा घोट्याखालचे ओझेच. म्हणून ह्या शर्यतीचे बूट पाणी चटकन निथळून जाईल असे जाळीदार करतात. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला त्याने ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक मिळविले. सुवर्ण नेणारा केनियाचा किबिवोट त्याच्यापुढे होता अवघ्या ०.०५ सेकंदाने.