‘इंज्युरी’ म्हणजे फक्त रक्त नाही

मैत्रिणींनो, दवाखान्याच्या कागदावर ‘इंज्युरी’ हा इंग्रजी शब्द तुम्ही पाहिला असेल. आपण त्याचा अर्थ ‘जखम’ असा घेतो. आणि जखम म्हटलं की डोळ्यासमोर येतं रक्त, टाके, पट्टी. रक्त नसेल तर आपण म्हणतो, “काही नाही गं, मुका मार आहे.” इथंच बाईचं नुकसान होतं.

इंज्युरी म्हणजे शरीराला झालेली कोणतीही इजा. खरचटणं, मुरगळणं, भाजणं, सूज येणं, काळंनिळं पडणं, हाड मोडणं, हे सगळं त्यात येतं. मुका मारसुद्धा इंज्युरीच आहे.

मारहाणीच्या केसमध्ये डॉक्टर या शब्दापुढे आणखी एक शब्द लिहितात. ‘सिंपल’ म्हणजे साधी आणि ‘ग्रिव्हस’ म्हणजे गंभीर. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये गंभीर दुखापत कोणती ते दिलं आहे. हाड किंवा दात मोडणं, सांधा निखळणं, एका डोळ्याची नजर किंवा एका कानाचं ऐकणं कायमचं जाणं, चेहरा कायमचा विद्रूप होणं, या त्यातल्या काही. दुखापतीमुळं १५ दिवस रोजची कामं करता आली नाहीत, तर तीही गंभीर धरतात. जुन्या कायद्यात हे २० दिवस होते.

जाणूनबुजून साधी दुखापत केली तर १ वर्षापर्यंत आणि गंभीर केली तर ७ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. म्हणजे ‘सिंपल’ लिहिलं तरी तो गुन्हाच आहे, किरकोळ गोष्ट नाही.

म्हणून एवढं लक्षात ठेवा:

१. मार लागला की लवकर दवाखान्यात जा. काळेनिळे डाग थोड्या दिवसांत फिके पडतात.

२. कशानं लागलं ते खरं सांगा. तुम्ही “पायरीवरून पडले” म्हणालात, तर कागदावर तेच येतं आणि पुढं तेच आपल्या विरोधात दाखवलं जातं.

३. कपड्याखालचा मारही दाखवा. कानाखाली बसली असेल आणि ऐकू कमी येत असेल, तर तेही सांगा.

४. केसपेपर, एक्स-रे, औषधाच्या चिठ्ठ्या जपून ठेवा. किती दिवस त्रास झाला, ते त्यावरूनच दिसतं.

उपचारासाठी आधी पोलिसात जावं लागत नाही. मदतीसाठी महिला हेल्पलाइन १८१ आणि तातडीच्या वेळी ११२ हे नंबर आहेत. गटातल्या एखादीला एकटीनं दवाखान्यात जायची भीती वाटत असेल, तर दोघी तिघी सोबत जा.

हे पान पुढच्या बैठकीत वाचून दाखवा. ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्यापर्यंतही हे पोहोचलं पाहिजे.