गुलाल उडाला की टीव्हीची तारांबळ

केजमध्ये तुमच्या घरी केबल असेल, तर सेट-टॉप बॉक्सची चॅनेल-यादी एकदा वरपासून खालपर्यंत निवांत चाळून बघा. काही चॅनेल त्यात दोनदा भेटतात. एका नंबरवर झी मराठी, दुसऱ्या नंबरवर झी मराठी एचडी. स्टार प्रवाहचंही तसंच. मालिका तीच, सासूबाई त्याच, त्यांची रागावण्याची वेळसुद्धा तीच! मग दोन नंबर कशाला? आणि पेनड्राइव्ह लावून रेकॉर्डिंग करायचं झालं, तर कोणता नंबर पकडायचा?

टीव्हीचं चित्र म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. फक्त इथे ठिपके जोडायचे नसतात, प्रत्येक ठिपक्यात रंग भरायचा असतो. साध्या म्हणजे एसडी चित्रात एका ओळीत ७२० ठिपके आणि अशा ५७६ ओळी. करा गुणाकार. ४,१४,७२० आले? आता एचडी घ्या. एका ओळीत १९२० ठिपके, ओळी १०८०. झाले २०,७३,६०० ठिपके. या संख्येला पहिल्या संख्येनं भागून बघा. बरोबर पाच, बाकी शून्य! रांगोळीतला मोर तोच, पण पिसाऱ्यात पाचपट ठिपके.

पण ५७६ हा आकडा कुठून आला? पाचशे नाही, सहाशे नाही, मध्येच ५७६! त्यासाठी आजी-आजोबांना गाठा. अंबाजोगाईजवळच्या दूरदर्शनच्या मनोऱ्यावरून चित्रं यायची, तेव्हा घरातलं कुणीतरी पत्र्यावर चढून अँटेना फिरवायचं आणि खालून ओरडा व्हायचा, “आलं, आलं… गेलं!” त्या काळच्या टीव्हीत काचेची मोठी नळी असे. तिच्यातला इलेक्ट्रॉनांचा झोत पडद्यावर ओळीमागून ओळ चित्र काढी. एका चित्राला ६२५ ओळी आणि सेकंदाला २५ चित्रं. झोत तळाला पोचला की त्याला पुन्हा वर जायला वेळ लागे. काही ओळी या परतीच्या वाटेवरच खर्च व्हायच्या, आणि चित्रासाठी उरायच्या ५७६. १९८२ मध्ये दूरदर्शनवर रंग आले. २०१२ ते २०१७ या काळात देशभरची केबल टप्प्याटप्प्यानं डिजिटल झाली. नळ्या कधीच भंगारात गेल्या, ओळी मात्र अजून ५७६च!

आता खरी गंमत. एसडी चॅनेल लावा आणि टीव्हीच्या रिमोटवरचं माहितीचं बटण दाबा. बऱ्याच टीव्हींवर १०८० असा आकडा झळकतो. अरेच्चा, एसडीचं एचडी झालं की काय? छे! बॉक्सनं ५७६ ओळी घेतल्या, शेजारच्या ठिपक्यांचे रंग बघून मधले ठिपके अंदाजानं भरले आणि टीव्हीकडे १०८० ओळी सरकवल्या. टीव्ही बिचारा जे हातात आलं तेच मोजतो. कधीकधी तर ७२०ऐवजी ५४४ ठिपक्यांचीच ओळ पाठवतात आणि बॉक्स ती ताणून रुंद करतो.

म्हणून आकड्यापेक्षा डोळ्यांवर भरवसा ठेवा. कुठे बघायचं? पात्राच्या केसांत, लांबवरच्या झाडाच्या पानांत, साडीच्या बारीक काठात. ही नक्षी दोन्ही नंबरांवर सारखीच दिसली, तर एचडी नंबरवरही जुनं एसडी चित्रच मोठं करून दाखवत असतील. असं होतं बरं का!

आणि नुसते ठिपके मोजूनही भागत नाही. आपल्या केज तालुक्यातलं विडा गाव तुम्हाला माहीतच आहे. धुळवडीला तिथे गावच्या जावयाला पकडून गाढवावर बसवतात, गळ्यात चपलांचा हार घालतात, वाजतगाजत गावभर मिरवतात आणि शेवटी नवे कपडे देऊन त्याचा मान करतात. बातम्यांत ही मिरवणूक लागली की चित्राकडे नीट बघा. स्टुडिओतली निवेदिका कशी स्वच्छ दिसत होती! आणि विड्यात रंग उधळले रे उधळले, की चित्राचे चौकोनी तुकडे पडतात.

याचं कारण जागेची टंचाई. केबलमध्ये पूर्वी जेवढ्या जागेत एकच चॅनेल मावायचं, तेवढ्या जागेतून आता सेकंदाला साधारण ३८ मेगाबिट माहिती जाते आणि ती डझनभर किंवा त्याहून जास्त एसडी चॅनेल वाटून घेतात. एकेकाच्या वाट्याला येतात दोन-तीन मेगाबिट. तेवढ्यात भागवण्यासाठी एक युक्ती करतात. एक चित्र पूर्ण पाठवायचं, पुढच्या चित्रांत फक्त काय बदललं तेवढंच कळवायचं. निवेदिकेचे ओठ हलतात, मागची भिंत थोडीच हलते? पण गुलाल उडाला की कणन्‌कण जागा बदलतो. कळवायचं खूप, जागा तेवढीच! मग बारकावे गाळले जातात आणि ८ बाय ८ ठिपक्यांचे चौकोन उघडे पडतात. पाऊस, धबधबा, क्रिकेटच्या मैदानातली गर्दी, सगळीकडे हाच प्रकार. दोन जुळ्या नंबरांची परीक्षा घ्यायची तर असाच प्रसंग निवडा.

बातम्यांत अजून एक कोडं दिसेल. खाली सरकणारी अक्षरं टोकदार आणि वरचं चित्र मात्र धूसर, असं कसं? अक्षरं वाहिनीच्या संगणकावर तयार होतात, चित्र कुणाच्या तरी मोबाइलवरून आलेलं असतं. याउलट ‘श्यामची आई’ हा १९५३ चा कृष्णधवल चित्रपट फिल्मवर चित्रित झाला. फिल्मवर बारकावे भरपूर असतात, म्हणून जुनी फिल्म चांगली टिकली असेल तर ती नव्यानं स्कॅन करून खरीखुरी एचडी प्रत काढता येते. दूरदर्शनच्या स्टुडिओत पुढे व्हिडिओ टेपवर उतरवलेल्या कार्यक्रमांत मात्र त्या ५७६ ओळींपलीकडे काही नाहीच. वयानं लहान असून तेच जास्त पुसट!

आता रेकॉर्डिंग. टीव्ही भुलला तरी पेनड्राइव्ह भुलत नाही, कारण बॉक्स सहसा केबलमधून आलेली मूळ माहितीच त्यात साठवतो. दोन्ही नंबर दहा-दहा मिनिटं रेकॉर्ड करा आणि फायली किती मोठ्या झाल्या ते बघा. सेकंदाला दोन मेगाबिट येत असतील तर फाइल सुमारे १५० मेगाबाइटची, आठ मेगाबिट असतील तर ६०० ची. दोन्ही फायली सारख्याच भरल्या, तर एचडीच्या नावावर फार विसंबू नका. तासाभराच्या अशा एचडीला ३.६ गिगाबाइट लागतात. पेनड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीचा असेल तर ४ गिगाबाइटपेक्षा मोठी फाइल त्यात राहतच नाही, म्हणून बॉक्स लांबलचक सिनेमाचे आपणहून तुकडे करतो.

एक मात्र आधीच सांगून ठेवतो. बहुतेक बॉक्स रेकॉर्डिंगला कुलूप लावतात, ते त्याच बॉक्सवर उघडतं. तोच पेनड्राइव्ह घेऊन लातूरला आत्याकडे गेलात, तर तिच्या टीव्हीवर काहीच दिसणार नाही. आत्यालाच इकडे बोलवा. पण तिचं माहेर विड्याचं असेल, तर धुळवडीच्या आसपास ती एकटीच येईल, तिचे यजमान काही यायचे नाहीत!